पाच नंबरची विहीर

मंडळाची स्मरणिका निघावयाची म्हटली की संपादिकाबाईंचा निरोप ठरलेला असतो : "बाई, तुम्ही इतिहासाचे काहीतरी द्या." आजवर मी अहिल्याबाईंच्या घाटांवर लिहिले, पुण्यास कात्रजहून पाणी आणणाऱ्या पेशव्यांच्या नळावर लिहिले. भगिनींनी ते गोड मानून घेतले. यंदा मात्र किल्ला नाही, पेशवा नाही. कॅनडा देशातील एका लहानशा गावात २००० सालच्या मे महिन्यात जे घडले, ते सांगणार आहे. पंचवीस वर्षांमागच्या गोष्टीला इतिहास म्हणावे काय, असे कोणी विचारील. ज्या घटनेचे कागदपत्र जपून ठेवले आहेत, साक्षीपुरावे झाले आहेत आणि जिच्यामुळे एका प्रांताचा कायदा बदलला, तिला माझ्या मते इतिहास म्हणण्यास हरकत नसावी.

हा विषय घेण्याची कारणे दोन. पहिले असे. आपल्या मंडळातील आम्हा पाच जणींना नळाचे पाणी तपासण्याचे शिक्षण मिळाले. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना किट देऊन हे काम शिकवावयाचे ठरले, त्यातलेच ते. शिकून आल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने मंडळाच्या बैठकीत प्रयोग करून दाखवला. सगळ्या जणी कौतुकाने पाहत होत्या, तोच आपल्या एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "अगं, पाणी कसं काचेसारखं आहे. त्यात तो टीसीएलचा वास मारून ठेवतात, चहाची चव जाते, आणि वर तुम्ही ते तपासता! आमच्या सासूबाई जन्मभर हेच पाणी प्यायल्या." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण मजजवळ उत्तर नव्हते. पुढे माझा भाचा, जो त्या कॅनडात नोकरीस आहे, सुट्टीत आला तेव्हा त्याच्याकडून मला त्या चौकशीचा अहवाल वाचावयास मिळाला. जाडजूड, सरकारी इंग्रजीतला. पण एकदा हाती घेतला, तो खाली ठेववेना.

दुसरे कारण लेखाच्या शेवटी येईल. ते सांगणे मला जड जाणार आहे, म्हणून आधीच बोलून ठेवते. म्हणजे मागे फिरावयास नको.

कॅनडात ऑन्टारिओ नावाचा प्रांत आहे. टोरांटो हे त्यातले मोठे शहर. तेथून वायव्येस मोटारीने दोन-अडीच तास गेले की सॉगीन नदीच्या काठी वॉकर्टन हे गाव लागते. त्या काळी वस्ती सुमारे ४,८००. म्हणजे आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या खेड्याएवढी. भोवताली शेते आणि गुरांचे गोठे. गावाला नळ होते, आणि नळाला विहिरींचे पाणी येत असे. या विहिरी म्हणजे आपल्यासारख्या कठड्याच्या, रहाटाच्या विहिरी नव्हेत. आपण बोअर म्हणतो तशा, जमिनीत भोक पाडून नळी बसवलेल्या. त्यांना नावे नव्हती, नंबर होते. मे २००० मध्ये पाच, सहा आणि सात अशा तीन नंबरांच्या विहिरी वापरात होत्या.

त्यांतली पाच नंबरची विहीर १९७८ साली खणली. ती मुळातच उथळ. आतली नळी अवघी ५ मीटर उतरवलेली, म्हणजे आपल्या मोजणीने सुमारे तीन पुरुष, आणि पाणी येई ते ५ ते ८ मीटरांच्या मधल्या भेगाळ खडकातून. वर मातीचा थर पातळ. खोल विहिरीचे पाणी मातीच्या जाड थरातून झिरपत, गाळले जात खाली पोहोचते. येथे ती गाळणीच नव्हती. पहिल्या चाचणीच्या वेळी पंप चालू केला तर जवळच्या झऱ्यांचे वाहणे मंदावले. म्हणजे वरच्या पाण्याचा आणि विहिरीचा सरळ संबंध होता. पाण्यात जंतूही सापडले होते. भोवतालच्या जमिनीच्या वापरावर लक्ष ठेवावे, असे तेव्हाच्या तज्ज्ञाने लिहूनही ठेवले होते. तरीही सरकारी पर्यावरण खात्याने कोणतीही खास अट न घालता विहिरीस मंजुरी दिली, आणि तो इशारा फायलीत गेला. पुढे जे अधिकारी तपासणीस येत, त्यांच्यासमोर ती फाईल कधी आलीच नाही.

अशा विहिरीला आधार एकच, तो म्हणजे क्लोरीन. येथे थोडे थांबून क्लोरीन काय करते ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या काकूंच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. पाण्यात क्लोरीन घातले की ते जंतूंना आणि इतर घाणीला भिडते व त्यात खर्ची पडते. सगळी घाण संपल्यावर जे उरते, त्याला शिल्लक क्लोरीन म्हणतात. आपण मोजतो ते हे उरलेले. पंगत उठल्यावर डब्यात चार पोळ्या शिल्लक असतील तर गृहिणीला समाधान असते की सगळे पोटभर जेवले. डबा रिकामा दिसला तर मात्र कोण अर्धपोटी उठले, किती जण उठले, हे कळावयास मार्ग नाही. पाण्याचेही तसेच. शिल्लक शून्य झाली, तर पाणी डोळ्यांना काचेसारखे दिसत असूनही क्लोरीनहून घाण जास्त झालेली असू शकते. म्हणून रोज मोजावयाचे. ऑन्टारिओत तेव्हा नियम असा होता की, क्लोरीन घातल्यावर पंधरा मिनिटांनी दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम तरी ते उरलेले असावे, आणि तो आकडा रोज तक्त्यावर लिहावा.

वॉकर्टनचे पाणी खाते दोन भाऊ सांभाळीत. एक व्यवस्थापक, दुसरा त्याच्या हाताखाली मुकादम. दोघेही तरुणपणीच या कामाला लागले आणि तेथेच मोठे झाले. त्यांची नावे अहवालात छापलेली आहेत, वर्तमानपत्रांतून जगभर झाली आहेत. मी मुद्दामच लिहीत नाही. आपण त्या गावचे नाही, आणि त्या घराण्याची नातवंडे-पतवंडे तेथे असतील. दोघांजवळ या कामाचे सरकारी परवाने होते. पण ते परीक्षा देऊन मिळवलेले नव्हते. परवान्याची पद्धत नव्याने सुरू झाली तेव्हा जुन्या कामगारांना अनुभवावर ते देऊन टाकण्यात आले होते.

हे दोघे भाऊ दुष्ट होते असे अहवालात कोठेही म्हटलेले नाही, आणि मला वाटते, या हकिकतीतला सर्वांत जड भाग तोच आहे. गावचे पाणी मुळात शुद्धच आहे, अशी त्यांची मनापासून समजूत होती. विहिरीवर काम करताना ते स्वतः क्लोरीन न घातलेले पाणी पीत, कारण ते चवीला चांगले लागे. गावातील काही लोकांचीही अधूनमधून तक्रार येई की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास फार येतो. मग भाऊ क्लोरीन कमी सोडीत. रोजचे मोजणे राहून जाई. तक्ता मात्र भरावाच लागे, म्हणून तो अंदाजाने भरीत. त्या तक्त्यांत बहुतेक ठिकाणी ०.५ किंवा ०.७५ हेच आकडे दिसतात. ज्या ठिकाणचा म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेस पाठवावयाचा, त्या ठिकाणी न जाता दुसरीकडेच बाटली भरून तिच्यावर हव्या त्या ठिकाणाची चिठ्ठी लावणे, हेही चाले. असे महिनोन्महिने नव्हे, वर्षानुवर्षे चालले आणि कोणाला काही झाले नाही. काही झाले नाही, यामुळेच ते चालले.

आता मे २००० कडे येऊ. ८ ते १२ मे या पाच दिवसांत तेथे १३४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या कोकणाला हे काही विशेष नव्हे, पण त्या मुलखाला ती अतिवृष्टी. पाच नंबरच्या विहिरीजवळ एक शेत होते, आणि त्यात एप्रिलच्या अखेरीस शेणखत पसरलेले होते. पावसाने त्यातले जंतू खाली उतरले आणि खडकाच्या भेगांतून विहिरीत शिरले. येथे एक सांगितले पाहिजे. तो शेतकरी सर्व काळजी घेऊन, रीतसर पद्धतीने शेती करीत होता. त्याला कसलाही दोष देता येत नाही, असे चौकशीत स्पष्ट लिहिले गेले. आपल्याकडे असे काही घडले की प्रथम शेजारच्या गोठ्यावर मोर्चा जातो, म्हणून हे लिहिले.

विहिरीत शिरलेल्या जंतूंत दोन मुख्य. एक कॅम्पिलोबॅक्टर आणि दुसरा ई-कोलायचा ओ १५७ : एच ७ नावाचा अति जहाल प्रकार. या दुसऱ्याने रक्ती जुलाब होतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत पुढे मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

घाण आली तशी तिने क्लोरीन खाऊन टाकले. १३, १४ आणि १५ मे, या तीन दिवसांपैकी एका दिवशी जरी कोणी ती लहानशी रंगाची चाचणी केली असती, तर शिल्लक नाही हे तेव्हाच दिसले असते. तिन्ही दिवस माणूस विहिरीवर गेला. तिन्ही दिवस तक्त्यावर आकडा पडला, ०.७५. मोजले एकदाही नाही.

१५ मे रोजी प्रयोगशाळेकडे नेहमीचे नमुने गेले. १७ मे, बुधवारी, प्रयोगशाळेने व्यवस्थापकाला कळवले आणि फॅक्सही केला : नमुन्यांत ई-कोलाय आहे. त्याने तो कागद कोणाला दाखवला नाही. का, याचेही उत्तर चौकशीत निघाले. सात नंबरच्या विहिरीचे क्लोरीनचे यंत्र जागेवर नव्हते, आणि तशाच स्थितीत, बिनक्लोरीनचे, तिचे पाणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावाला सोडलेले होते. १५ तारखेपासून पुन्हा तेच चालू झाले होते. वाईट नमुन्याची बातमी सांगावी, तर ही गोष्टही उघडी पडणार. एक लपविण्यासाठी दुसरे लपविले. आपण गृहिणी आहो. फुटलेली बरणी फडताळात मागे सरकवून ठेवणाऱ्या मुलाचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे. पण हा चेहरा गावच्या पाणी खात्याच्या प्रमुखाचा होता.

गुरुवार, १८ मे. गावात पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले. जवळच्या ओवन साउंड शहरातील दवाखान्यात वॉकर्टनची दोन मुले आली. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉक्टर क्रिस्टन हॅलेट या बाईंना एकाच गावची दोन मुले, दोघांना रक्ती जुलाब, हे खटकले. शुक्रवारी सकाळी त्यांनी आरोग्य कार्यालयास कळवले. आरोग्य कार्यालयाने पाणी खात्यास विचारले : पाण्यात काही दोष आहे काय? उत्तर आले, पाणी ठीक आहे. त्याच दिवसापासून व्यवस्थापकाने गुपचूप नळ खळाळून सोडून देण्यास आणि भरपूर क्लोरीन घालण्यास आरंभ केला होता. म्हणजे मनात त्याला कळले होते. शनिवारी पुन्हा विचारणा झाली, पुन्हा तेच उत्तर मिळाले. हा जंतू बहुधा कच्च्या राहिलेल्या मांसातून येतो, म्हणून आरोग्य खात्याचे लोक कोणी काय खाल्ले याची चौकशी करीत बसले. खात्यातल्याच एका कामगाराने मात्र शनिवारी नाव न सांगता सरकारी आपत्कालीन केंद्रास फोन केला आणि नमुने वाईट आल्याचे कळवले. त्या माणसाच्या धैर्याचे मला फार कौतुक वाटते; नाव न सांगता का होईना, बोलला तो तेवढाच.

या दिवसांत वॉकर्टनच्या घरांतून काय होत असेल, हे मला पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येते. अहवालात ते नाही. पण आपल्याला कोणी सांगावयास नको. पोराला जुलाब होत असले की आई काय करते? अंगातले पाणी कमी होऊ नये म्हणून घोटघोट पाणी पाजते. नळाचेच.

रविवार, २१ मे. सोमवारी तेथे राणी व्हिक्टोरियाच्या नावाची सुट्टी असल्याने सारे गाव सुट्टीच्या रंगात होते. पाण्याच्या स्वतंत्र तपासणीचा निकाल अजून हाती नव्हता. तरीही आरोग्याधिकारी डॉक्टर मॅक्विग यांनी दुपारी दीड वाजता हुकूम काढला की, नळाचे पाणी उकळल्यावाचून पिऊ नये. तो रेडिओवरून सांगण्यात आला. पण सर्वांच्या कानी तो त्या दिवशी गेला नाही, आणि कित्येक घरे पुढेही तेच पाणी पीत राहिली. सोमवारी पहिला मृत्यू झाला. मंगळवारी निकाल आला, पाणीच दूषित आहे. त्याच सुमारास व्यवस्थापकाने भावाकडून सात नंबरच्या विहिरीचा तक्ता नव्याने लिहवून घेतला, यंत्र चालू होते असे दिसावे म्हणून. गावात माणसे मरत असताना हा कागद सुधारला जात होता. अहवालाच्या या पानाशी मी बराच वेळ थांबले.

एकूण सात माणसे गेली. त्यांत लहान मूल होते, वृद्ध होते. आजारी पडली ती २,३०० हून अधिक, म्हणजे गावची जवळजवळ निम्मी वस्ती म्हणावी एवढी. सत्तावीस जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, आणि त्यांत निम्मी तरी चार वर्षांच्या आतबाहेरची मुले होती. घरोघरच्या नळांत क्लोरीन सोडून ते धुवून काढावे लागले. पाणी उकळून पिण्याचा हुकूम डिसेंबरात उठला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यांनी वॉकर्टनमध्येच बसून, शंभरावर साक्षीदार तपासून, २००२ साली दोन भागांत अहवाल दिला. दोघा भावांवर जबाबदारी ठेवूनच न्यायमूर्ती पुढे गेले, आणि त्यामुळे हा अहवाल वाचनीय झाला आहे. व्यवस्थापकाने १७ मे रोजीच खरे सांगितले असते तर १९ मेपर्यंत पाणी उकळून पिण्याचा हुकूम निघून तीनशे ते चारशे माणसे आजारातून वाचली असती, असा हिशोब त्यांनी मांडला. पण बाकीचे कोठे होते? प्रांतात पाण्याविषयीचे दंडक होते, ते मार्गदर्शक सूचना म्हणून; कायदा म्हणून नव्हेत. पूर्वी पाण्याचे नमुने सरकारी प्रयोगशाळा तपासीत. १९९६ साली ते काम खाजगी प्रयोगशाळांकडे गेले, आणि वाईट निकाल आल्यास आरोग्य खात्यास कळवावे असे त्यांच्यावर कायद्याने बंधन घातले गेले नाही. १९९७ साली आरोग्यमंत्र्यांनी पर्यावरणमंत्र्यांना पत्र लिहून हे बंधन घालावे असे सुचवले. ते घातले गेले नाही. म्हणून तो फॅक्स एकाच टेबलावर जाऊन पडला. खर्चकपातीत पर्यावरण खात्याची साडेसातशेहून अधिक माणसे कमी झाली होती.

आणि तपासणी? ती होत होती! १९९१, १९९५ आणि १९९८ अशी तीनदा झाली. १९९८ च्या तपासणीत तर क्लोरीन कमी आहे, नमुने पुरेसे घेतले जात नाहीत, पाण्यात ई-कोलाय वरचेवर दिसतो, असे सारे लिहिले गेले. पत्र गेले. "सुधारणा करतो" असे उत्तर आले. मग दोन वर्षे कोणी फिरकले नाही. तक्त्यावर रोज तोच आकडा कसा, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावयास हवा होता. पाणी ही काही छापलेली वस्तू नव्हे. पावसात, उन्हात, गढूळात आकडा हलतोच. न हलणारा आकडा हीच तक्रार होती, पण ती कोणी वाचली नाही. विहिरीवर शिल्लक क्लोरीन सतत मोजून कमी होताच पंप थांबविणारे यंत्र असते, तर हे झालेच नसते, असेही न्यायमूर्तींनी म्हटले आहे. यंत्र खोटे लिहीत नाही, हे खरे. पण माझ्या मते, ते बिघडल्याचे सांगावयास शेवटी माणूसच लागतो.

दोघा भावांनी २००४ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. थोरल्यास एक वर्षाची कैद झाली, धाकट्यास नऊ महिने घरी स्थानबद्धता. प्रांताने २००२ साली सुरक्षित पेयजलाचा कायदा केला. सूचना होत्या त्या बंधनकारक झाल्या. वाईट निकाल आला की प्रयोगशाळेने तो ताबडतोब सरकारला आणि आरोग्याधिकाऱ्यास कळविलाच पाहिजे असे ठरले. परवान्यासाठी शिक्षण आणि परीक्षा आली. पुढे तर पाण्यावर देखरेख करणाऱ्या नगरसेवकांवरही कायद्याने जबाबदारी आली, आम्हाला त्यातले काही कळत नाही असे म्हणण्याची सोय उरली नाही. लहान गावांच्या पाणी कामगारांना शिकविणारी एक संस्था २००४ साली खुद्द वॉकर्टनमध्येच निघाली. पाच नंबरची विहीर अर्थातच बंद झाली.

आता घरी येते. आपल्या येथे भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. गावोगावच्या पाण्याच्या व्यवस्थेची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल घालतात, आणि आम्ही पाच जणी पाळीपाळीने शेवटच्या आळीतील नळावर ओ.टी. चाचणी करून पिवळा रंग पाहतो व मंडळाच्या नोंदवहीत आकडा लिहितो. शेवटची आळी एवढ्यासाठी की, तेथवर क्लोरीन पोहोचले तर अलीकडे पोहोचलेच असणार.

गौरीपूजनाच्या दिवशी माझी पाळी होती. घरी लेकी-जावई आलेले, पुरणाचा घाट घातलेला, सवाष्ण जेवावयाची होती. शेवटच्या आळीपर्यंत जाणे झाले नाही. रात्री सगळी निजानीज झाल्यावर नोंदवही आठवली. ती माझ्याच घरी होती. मी उघडली, आदल्या दिवशी ०.५ होते, तेच खाली लिहिले, सही केली आणि निजले. मला चांगली झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भगिनीने मोजले, ठीक निघाले. गावात कोणी आजारी पडले नाही. मी ते विसरूनही गेले.

भाच्याचा अहवाल मी वाचला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. १३, १४, १५ मे, ०.७५, ०.७५, ०.७५, या ठिकाणी आले आणि पुस्तक मिटून ठेवले. तो माणूसही त्या रात्री चांगलाच झोपला असेल.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे सांगितले. शाळेत चाळीस मुलींसमोर उभे राहून आयुष्य गेले, पण त्या दिवशी उभे राहवेना, बसूनच बोलले. कोणी रागावले नाही. थोडा वेळ शांतता झाली, आणि मग पाच जणींपैकी एक, जिचे घर माझ्या घराला लागून आहे, ती हळूच म्हणाली, "बाई, माझेही दोन दिवस आहेत. पावसाळ्यातले." नंतर आणखी एकीचा एक दिवस निघाला. आम्ही नोंदवही मध्ये ठेवली, ते चारही आकडे तांबड्या शाईने खोडले, शेजारी "मोजले नाही" असे लिहून ज्याच्या-त्याच्या सह्या केल्या. चिटणीसबाईंनी ठराव मांडला की, यापुढे मोजणे न झाल्यास रकाना कोरा ठेवावा, शेजारी कारण लिहावे, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटले. वॉकर्टनच्या तक्त्यावर कोरा रकाना सोडण्याची सोय कोणी ठेवलीच नव्हती.

त्या बैठकीस आपल्या काकूही होत्या. चष्मा लावून त्यांनी तांबडी शाई पाहिली आणि विचारले, "मग गौरींच्या दिवशी पाणी कसं होतं गं?"

"ठाऊक नाही, काकू," मी म्हटले.

"आम्ही तर प्यायलो," काकू म्हणाल्या.

नोंदवही आता मंडळाच्या कपाटात दर्शनी फळीवर असते. कपाटाची किल्ली चिटणीसबाईंकडे आहे. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात ती कोणाही शेजाऱ्यापाजाऱ्यास पाहावयास मिळेल.